उजळणीचीं पानें व बाळगोपाळांची मोजणी

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे सनदा, महजर, ताळेबंद व खाजगी पत्रें यांच्या जोडीस एखाददुसरें पान असें निघतें कीं, त्यावर ना शिक्का ना तारीख. बोजड हातानें उतरविलेले आंकडे मात्र एकाखालीं एक मांडलेले असतात. हीं उजळणीचीं पानें. इतिहासास त्यांचा उपयोग नाहीं असें ठरवून तीं बाजूस टाकण्याची चाल संग्राहकांत फार दिवसांची आहे, व आम्हीही त्या दोषांतून सुटलों नाहीं. एका घरच्या रुमालांतील अशीं दोन पानें आम्हीं एका पोथीच्या वेष्टनास आधार म्हणून लाविलीं. पुढें पोथीस नवें वेष्टन घातलें तेव्हां जुन्याबरोबर तींही गेलीं. त्या वेळीं कांहींच वाटलें नाहीं. वाईट वाटलें तें २०१९ सालीं.

त्या वर्षीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीसपासून पुढील संख्या दशकापासून वाचण्याची रीत आली. त्रेसष्ट ही संख्या 'साठ तीन' अशीही वाचावी, असें. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (मृत्यु २०२३) यांचें म्हणणें असें कीं, कानांवर तीन आधीं पडतो व पाटीवर सहा आधीं लिहावा लागतो, त्यांतच जोडाक्षरें, म्हणून लहान मूल गोंधळतें. यावर वर्तमानपत्रांत व विधिमंडळांतही बराच गहजब झाला. उलट क्रम ही मराठी मुलाची एकमेव परंपरा आहे, मग ती राखावी कीं सोडावी, अशाच बेतानें तो वाद बहुतेक चालला. हें गृहीतकृत्यच आम्हांस चुकीचें वाटतें.

एकम् आधीं बोलण्याची रीत जुनी, यांत शंका नाहीं. संस्कृत त्रिषष्टि तीच प्राकृतांतून झिजत त्रेसष्ट झाली. आमच्या वाचकांस तर ही रीत हाताच्या मळासारखी परिचित असावी. कारण पोथीच्या अखेरीचा शक शब्दांनीं दिला असेल तर आपणही तो एकम् पासूनच उलगडतों. उदाहरणार्थ, वेद-रस-बाण-चंद्र असें लिहिलें असतां चार, सहा, पांच, एक असे अंक घेऊन शक १५६४ काढतों. पन्नाशी उलटलेला संशोधकही असें करतांना क्वचित् बोटें मोजतो. मग सहा वर्षांच्या पोरानें ६३ बद्दल ३६ लिहिले तर नवल काय? त्यांत 'एकोण' ची अडचण निराळी. अठ्ठावीसनंतर एकोणतीस म्हणावयाचें, म्हणजे जी तीस अजून आली नाहीं तींतून एक वजा करावयाचा. बेरीज येण्याआधींच वजाबाकी. बरें, हा नियम शेवटपर्यंत टिकावा, तर तसेंही नाहीं. एकोणनव्वद म्हणून झालें कीं दहाच पावलांवर नव्व्याण्णव येते.

परंतु मराठी मुलाच्या कानांवर हीच एक मोजणी पडत होती असें नाहीं. खेड्यांतील जुनीं माणसें, विशेषतः शाळेचें तोंड न पाहिलेल्या बायका, विसांनीं मोजीत. साठ म्हणजे तीन विसा, शंभर म्हणजे पांच विसा. आणि त्रेसष्ट म्हणजे तीन विसा आणि तीन. येथें मोठा भाग आधीं, उरलेला मागाहून, व दोहोंच्या मध्यें बेरीज उघडी. पंतोजीच्या शाळेंत मुली व अनेक जातींचीं मुलें बहुधा नसत. त्यांच्या घरचें गणित हें विसांचें. तेव्हां 'साठ तीन' ऐकून ज्यांस परकेपणा वाटला त्यांनीं आपल्याच पणजीचा हिशेब ऐकला नव्हता, असें आम्हांस म्हणावें लागतें. लेखी भाषेंतही मोठा भाग आधीं घेण्याची एक रीत आहेच. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचा शक १२१२ हा बाराशांवर बारा अशा बेरजेनेंच सांगितला आहे.

तिसरी मोजणी अंगणांतली. विटीदांडूंत विटी टोलविण्याचे प्रकार पोरें वकट, लेंड, मूंड, नाल या नांवांनीं मोजीत. पुढच्या नांवांत गांवोगांव फरक पडतो; पण पहिलीं चार हीं तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु होत हें उघड आहे. तेलुगूंत त्रेसष्टास अरवै मूडु, म्हणजे साठ तीनच म्हणतात. आमच्या पोरांनीं ती रीत मात्र उचलली नाहीं, चार अंक तेवढे उचलले. खेळास तितकें पुरत होतें.

आतां पुन्हां त्या पानांकडे वळूं. त्यांवर पूर्णांकांचे पाढे असतात, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हेही असतात. हें ओझें पाहून आजचा शिक्षक कपाळास हात लावील. परंतु हे अपूर्णांक मूल लिहावयास कसें शिके तें पाहिलें म्हणजे मत थोडें बदलतें. रुपयाच्या आंकड्यापुढें पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. चौथी रेघ ओढावयाची नाहीं. चार पाव भरले कीं रेघा पुसून डावीकडील रुपया एकानें वाढवावयाचा. आण्यांसही हाच न्याय: तीन आण्यांपर्यंत तिरप्या रेघा, चौथा आणा आला कीं पावाची एक उभी रेघ. समजा, ३॥। आणि १॥ यांची बेरीज करावयाची आहे. तीन रेघा व दोन रेघा मिळून पांच; त्यांतील चारांचा एक रुपया, उरली एक. रुपये तीन, एक आणि हा हातचा एक मिळून पांच. उत्तर ५।, सव्वापांच. येथें मुलास पाठ कांहींच नको; रेघा मोजतां आल्या व चारांचा एक होतो हें कळलें कीं काम झालें. दहांचा हातचा शिकण्यापूर्वीं चारांचा हातचा बोटांत बसे. धूळपाटीवर रेघ पुसणें सोपें, हाही एक फायदा.

मापांचेंही तसेंच. दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. दुप्पट आणि दुपटीची दुप्पट हें ज्ञान धान्य मापतांना हातीं लागे. खळ्यावर मापारी पहिल्या मापास एक न म्हणतां 'लाभ' म्हणे. तेव्हां मोजणीचा आरंभ शुभ शब्दानें होतो हें मुलास तेथें कळे, आणि 'लाभ' म्हणजे एकच हेंही.

पाठांतराविषयीं दोन शब्द. दिवेलागणीस परवचा म्हणावयाची ती पोपटपंची, असा आक्षेप नव्या शिक्षणाच्या कैवाऱ्यांनीं वारंवार घेतला, आणि पुष्कळ ठिकाणीं तो खराही होता. छडीच्या भयानें म्हटलेली पाऊणकी कोणाच्या डोक्यांत शिरली असेल तें देव जाणे. परंतु पाढा म्हणजे पायरीपायरीनें केलेली बेरीजच होय. सात सक किती हें आठवेनासें झालें तर मूल सात पांचे पस्तीस या ठाम पायरीवर परत येतें आणि तेथून सात पुढें मोजून बेचाळीसवर पोंचतें. आम्हीही लहानपणीं असेंच करीत असूं, व गुरुजींस तें कळूं देत नसूं. पहिल्यापासून सारें न मोजतां ठाऊक असलेल्या आंकड्यापासून पुढें मोजणें, ह्याच युक्तीस आजचे बालशिक्षणाचे अभ्यासक बेरजेची पहिली मोठी पायरी मानतात. मुंबईच्या कौन्सिलांतील प्रेंडरगास्ट यानें १८२१ सालीं लिहून ठेविलें कीं, इकडील साधा शेतकरी व लहान दुकानदार आपला हिशेब त्याच्या देशांतील त्याच दर्जाच्या माणसापेक्षां चोख ठेवतो. त्याच लेखांतील शाळांच्या संख्येबद्दल वाद आहे. हिशेबाबद्दलचें मत मात्र पाहणीवरचें दिसतें.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें सुरू झालें, आणि रेघांचा हा हिशेब व्यवहारांतून उठला. पावकी-औटकी त्यानंतर कांहीं वर्षें नुसत्या म्हणण्यापुरत्या राहिल्या. त्रेसष्ट, त्र्याहत्तर हे शब्द मात्र राहिले, व ते टाकावे असें आम्ही म्हणत नाहीं. ते ज्यास येत नाहींत त्यास अक्षरांत लिहिलेली एकही जुनी रक्कम लावतां येणार नाहीं. पण शिकणाऱ्या मुलानें आधीं साठ तीन म्हणून मग त्रेसष्टावर यावें, यांत परंपरेचा भंग आम्हांस दिसत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं उजळणीचीं पानें असतील त्यांनीं तीं कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांलगत सांपडलीं हें टिपून ठेवावें. काल ठरविण्यास बहुधा तेवढेंच साधन असतें. आंकडे शब्दांत दिले असल्यास एकोणनव्वद व नव्व्याण्णव यांचीं रूपें, शंभरापुढील संख्यांचीं नांवें आणि विसांनीं केलेली एखादी नोंद, एवढें जरी उतरून मंडळाकडे पाठविलें तरी तुलनेचें काम सुरू करतां येईल. आमच्या त्या दोन पानांवर अक्षरी आंकडे होते एवढें स्मरतें. ते कसे लिहिले होते, तें आतां स्मरत नाहीं.