डब्यातली संहिता

संगणकाच्या प्रोग्रामला ‘संहिता’ म्हणावे काय, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात सहसा निघत नाही. परंतु २००३ साली एका घरगुती राउटरवरून उद्भवलेला वाद हा मुळात एका संहितेच्या वाचनाचाच वाद होता.

कॅलिफोर्नियातील लिंकसिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर बाजारात आणला. निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनांचा डबा. काम साधेच: घराला मिळालेली एकच इंटरनेट-जोडणी घरातल्या किंवा छोट्या कचेरीतल्या अनेक संगणकांत, हवे तर बिनतारी, वाटून देणे. २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरच्या किमतीला लिंकसिसच विकत घेतली.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये काही जाणकारांनी डब्यातील सॉफ्टवेअर उकलून पाहिले, तर आत लिनक्स निघाले. लिनक्स फुकट मिळते, पण बिनशर्त नव्हे. त्याला ‘जीपीएल’ हा परवाना लागू आहे. हा परवाना म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांची मोठी करामत. लेखकाची मालकी राखणारा कॉपीराइटचा कायदाच त्यांनी वाचकाच्या बाजूने उभा केला. सॉफ्टवेअर वापरा, बदला, विकासुद्धा. मात्र ज्याच्या हाती ते द्याल त्याला मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, त्याच हक्कांसह मिळाला पाहिजे. लिंकसिसने तो दिलेला नव्हता. गंमत अशी की चिप ब्रॉडकॉमची, सॉफ्टवेअर तैवानमधील तिसऱ्याच कंपनीचे आणि डब्यावर नाव लिंकसिसचे. ‘लेखक कोण?’ हा आपल्या समीक्षेतला लाडका प्रश्न येथे वकिलांपुढे येऊन उभा राहिला. परवाना न वाचता पुढे सरकवण्याची साखळी, एवढेच त्याचे उत्तर.

महिन्याभरात कोड खुला झाला. २००४ मध्ये त्यातूनच ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प निघाला. त्याच्या नावात त्या डब्याचे नाव अजून शिल्लक आहे. लोकांनी डब्यांना नवी कामे शिकवली. बर्लिनच्या ‘फ्रायफुंक’ चळवळीने तर गच्च्या-खिडक्यांतून असे डबे जोडून शेजाऱ्यांचे सामायिक जाळेच विणले.

कंपनीचा प्रतिसाद मात्र दुटप्पी होता. २००५ च्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून ‘व्हीएक्सवर्क्स’ ही बंद प्रणाली बसवली आणि स्मृती निम्म्यावर आणली: फ्लॅश ४ मेगाबाइटवरून २, रॅम १६ वरून ८. लिनक्सप्रेमींसाठी जुन्या घडणीचा ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ वेगळा विकायला काढला. माझ्या मते ही एका परीने कबुलीच होती, फक्त किंमत लावून केलेली. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने लिंकसिसच्या अशाच उत्पादनांवरून सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. परवान्याच्या पालनावर देखरेख ठेवणारा अधिकारी नेमणे आणि आधीच्या ग्राहकांना त्यांचे हक्क कळवणे सिस्कोला मान्य करावे लागले.

जीएल हे मॉडेल २०१६ मध्येही विकले जात होते.