सुईण, नर्स आणि बाळंतीण

मागच्या पिढीतील एखाद्या आजीला "तुमचें बाळंतपण कोणीं केलें?" असें विचारलें, तर ती एका बाईचें नांव सांगे. तोच प्रश्न तिच्या नातीला विचारला, तर ती एका रुग्णालयाचें नांव सांगते. बाईच्या जागीं इमारत कशी आली, त्यांत आपल्याला काय मिळालें आणि काय हातचें गेलें, ह्याचा विचार सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांपुरता आज करावयाचा आहे. हे दोन जिल्हे एका अर्थीं सख्खे भाऊच. १९४९ सालीं संस्थानें विलीन झाल्यावर जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत आदि संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें.

ह्या मुलखांतील सुईण वेळ पाहून येत नसे. कळा सुरू झाल्या कीं तिला बोलावणें जाई आणि आली कीं बाळबाळंतीण मोकळी होईतों ती उठत नसे. पुढें दहाबारा दिवस बाळंतिणीचें अंग चोळणें, बाळाला न्हाऊं घालणें, शेकशेगडी, सारें तिच्याच हातीं. बदल्यांत लुगडेंचोळी आणि सुपभर धान्य. पहिलें बाळंतपण माहेरीं होत असल्यामुळें कित्येकदां जिनें आईला जन्मतांना हातांत घेतलें, तीच लेकराच्या वेळींहि उशाशीं बसलेली असे.

ह्या चित्राला भुलून मात्र चालणार नाहीं. पुष्कळ गांवीं हें काम अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रियांकडे असे. जिच्या हातीं दोन जीव सोंपवावयाचे, तिलाच पाणी वरून वाढावयाचें, असा आपला न्याय होता. शिवाय न धुतलेले हात आणि नाळ कापावयाचें हाताशीं येईल तें हत्यार, ह्यांमुळें सूतिकाज्वर व अर्भकाचा धनुर्वात घरोघर ठाण मांडून असत. मूल आडवें आलें, तर सुईणीची माया मोठी असली तरी तिचा इलाज तेथें संपे.

हा इलाज पुरविण्याचे प्रयत्न सरकारी पातळीवर फार हळू झाले. साताऱ्याच्या नायगांवांत जन्मलेल्या सावित्रीबाई फुले ह्यांनीं जोतीरावांसह १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह चालू केलें. फसविल्या गेलेल्या विधवेला तेथें गुप्तपणें बाळंत होतां येई. पुढें १८८५ चा डफरिन फंड निघाला. १९०३ सालीं लेडी कर्झन ह्यांनीं देशी सुईणींच्या शिक्षणासाठीं निधि उभारला. पण जावळी, पाटणच्या डोंगरांत किंवा माण, आटपाडीच्या माळावर त्याचा किती ओलावा पोंचणार? कृष्णाकांठीं खरा फरक पडला तो मिरजेस. तेथें डॉ. वॉनलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिशन रुग्णालय उघडलें, आणि १८९७ पासून तेथें परिचारिकांचें शिक्षण सुरू झालें.

देशभरचा हिशेब १९४६ सालीं भोर समितीनें मांडला: साठ हजार लोकवस्तीमागें एक शिकलेली सुईण, आणि हजार जिवंत जन्मांमागें सुमारें वीस मातांचे मृत्यु. आज उलट टोक पाहावें. २०१८ ते २० ह्या काळांत महाराष्ट्रांत लाख जिवंत जन्मांमागें ३३ मातांचे मृत्यु झाले. भोर समितीच्या हिशेबानें तो आंकडा दोन हजार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत राज्यांतील शेंकडा ९४ हून अधिक बाळंतपणें रुग्णालयांत झालेलीं आढळलीं. ज्यांना हें रुक्ष वाटतें, त्यांनीं आपल्याच घराण्यांत बाळंतपणांत गेलेल्या स्त्रिया मोजून पाहाव्या.

मग गेलें काय? स्वातंत्र्यानंतर गांवांत आली ती ए. एन. एम., लोकांच्या तोंडीं नर्सबाई. पन्नासाच्या दशकांत सुरू झालेल्या तिच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा कणा प्रसूतिशास्त्र हा होता. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनें तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती ठरविलें. १९७७ मध्यें शिक्षण दीड वर्षाचें झालें. लसी, कुटुंबनियोजन, नोंदवह्या ह्यांत बाळंतपण मागें पडलें. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनें उरलींसुरलीं बाळंतपणेंहि मोठ्या रुग्णालयांकडे वळविलीं. जी नर्स नऊ महिने वजन पाहते, ती कळांच्या वेळीं तेथें नसते. आणि जी तेथें असते, तिनें त्या स्त्रीला पूर्वीं पाहिलेलें नसतें.

मनुष्यबळ नाहीं, हें ह्यावरचें नेहमींचें उत्तर. पण थोडें गणित करूं या. उपकेंद्रामागें सपाटीवर पांच हजार लोक धरतात, डोंगरांत तीन हजार. हजारीं पंधरा जन्म धरले, तर पांच हजार वस्तींत वर्षाला सुमारें पंच्याहत्तर बाळंतपणें. इंग्लंडांत जेथें एका सुईणीकडे ठराविक स्त्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत सोंपवितात, तेथें तिच्या वांट्याला वर्षाला सामान्यतः पस्तीसचाळीस येतात. म्हणजे उपकेंद्रामागें दोन सुईणी, आणि त्यांना आपल्या स्त्रीबरोबर रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षांत जाण्याचा अधिकार. भोर समितीच्या काळीं हें स्वप्न होतें. आज जन्मदर उतरल्यानें तें अंदाजपत्रकांतील एक ओळ होऊं शकतें. आणि ही केवळ हौस नव्हे. कळांच्या काळांत सतत कोणी जवळ असेल, तर शस्त्रक्रिया कमी लागतात व नैसर्गिक प्रसूति अधिक होतात, असें पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चांचण्यांच्या २०१७ सालच्या आढाव्यांत दिसलें आहे.

सरकारलाहि हें उमगलें आहे. २०१६ सालीं केंद्रानें सरकारी प्रसूतिकक्षांत बाळंतिणीजवळ एक आप्त स्त्री राहूं देण्यास मान्यता दिली. २०१८ सालीं प्रसूतिपरिचारिकांना अठरा महिन्यांचें स्वतंत्र शिक्षण देण्याचें धोरण ठरलें. मात्र आप्त स्त्री ही सुईण नव्हे. ती धीर देईल, पण कळा लांबल्या तर कां लांबल्या, हें तिला कळणार नाहीं.

आणि कांहींजणींना आप्त स्त्रीहि मिळत नाहीं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकांठीं उतरतात. कोयत्याचा हिशेब नवराबायकोच्या जोडीचा, म्हणून गरोदर स्त्रीहि येते. तिचें नांव गांवाकडच्या नर्सबाईच्या वहींत असतें; कळा येतात त्या कऱ्हाड-वाळव्याच्या फडांत, आणि तिला ओळखणारी ती एकटी नर्स दोनशेंहून अधिक किलोमीटर मागें राहिलेली असते.