डाग लागणे

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीला योनीमार्गातून होणारा किरकोळ रक्तस्राव. रंग गुलाबी, लाल किंवा तपकिरी. प्रमाण कपड्याला डाग पडण्यापुरते, पॅड भिजण्याइतके नव्हे. नांदेड-लातूरकडे बाया ‘डाग दिसला’ किंवा ‘अंगावरून लाल जातंय’ असे सांगतात. हा स्वतंत्र आजार नव्हे, लक्षण आहे. बाईचे वय, शेवटच्या पाळीची तारीख आणि दिवस गेले आहेत का, यावरून त्याचा अर्थ लागतो. म्हणून पाळी येणाऱ्या वयात पहिली तपासणी लघवीची. त्यासाठीचे ‘निश्चय’ किट आशाताईंमार्फत मिळते.

स्त्रीबीज सुटते त्या सुमारास एखादा दिवस डाग दिसणे बहुधा निरुपद्रवी असते. तांबी बसवल्यावर किंवा ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतल्यावर पहिले काही महिने असे होऊ शकते. थायरॉइडचे विकार, पॉलिप, फायब्रॉइडच्या गाठी, जंतुसंसर्ग ही इतर कारणे. मात्र संबंधानंतर लागणारा डाग आणि पाळी कायमची गेल्यावर लागणारा डाग कधीच अंगावर काढू नये. त्यामागे गर्भाशयमुखाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग असू शकतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मराठवाड्याने जगाला मोठा पुरावा दिला आहे. लातूर जिल्हा 1982 मध्ये ज्या उस्मानाबादेतून (आताचे धाराशिव) वेगळा झाला, तिथल्या गावांत 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात होते. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे डाग दिसेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. तिशीनंतर तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

डाग अंगावर काढण्याच्या उलट टोकाची चूक शेजारच्या बीडमध्ये दिसली. अंगावरून जाणे, पोटदुखी अशा तक्रारींसाठी ऊसतोड करणाऱ्या तरुण बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. पाळीमुळे मजुरी बुडते आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती घातली जाते, ही त्यामागची कारणे. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. नांदेडच्या कंधार, मुखेडकडूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यामुळे हा प्रश्न बीडपुरता नाही. पाळीच्या वयातल्या बहुतेक डागांवर पिशवी काढणे हा उपचारच नव्हे. सोनोग्राफी व गर्भाशयमुखाची तपासणी झाल्याशिवाय, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नये.

गर्भारपणात पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एकीला थोडेफार रक्त जाते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचा गर्भ टिकतो. गर्भ पिशवीत रुजताना, पाळीची तारीख जवळ आली असता, एक-दोन दिवस फिकट डाग दिसू शकतो. पुष्कळ जणी तीच पाळी समजतात आणि दिवसांचा हिशेब चुकतो. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले की चिंता बरीच कमी होते. गर्भ पडलाच, तर सुरुवातीच्या अशा घटनांतल्या सुमारे निम्म्या गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे घडतात. पपई खाल्ली, ओझे उचलले म्हणून सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ वाचतो यालाही पुरावा नाही.

खरा धोका नळीत राहिलेल्या गर्भाचा. डाग अगदी थोडा असतो, पण ओटीपोटात, बहुधा एका बाजूला, कळ येते; नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो, खांदा दुखतो, चक्कर येते. अशा वेळी, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर, सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथे शस्त्रक्रियेची सोय आहे. जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि रक्तगट सांगावा. गट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का हे डॉक्टरांना 72 तासांच्या आत ठरवावे लागते.