शेवटचं पान अन् १८८७ चा कायदा

वीस वर्षं झाली, पोळा आला की यवतमाळात जुगारावरच्या धाडीची बातमी लिहितो. कायदा तोच, १८८७ चा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, रमीत मुख्यतः कौशल्य, तीन पत्तीत निव्वळ नशीब.

मग पोकर? पाचवं, शेवटचं पान म्हणजे 'रिव्हर' उघडलं, हातात काहीच नाही. मोठी रक्कम लावून समोरच्याला घाबरवायचं की पानं टाकायची? याला डोकं लागतंच. तरी २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं, तिथं लागू असलेल्या त्याच जुन्या कायद्याखाली, पोकरला जुगार ठरवलं. २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली, कौशल्य असो की नशीब.

मला ते पटलं. समोरच्याला एक डाव बनवता येईल भाऊ. बियाण्याचे पैसे गेल्यावर घरच्यांना किती दिवस बनवणार?