‘मूछाळी मा’ आणि आमची नात

गेल्या दिवाळीपासून आमची दोन वर्षांची नात दिवसभर आम्हा उभयतांच्या स्वाधीन असते. तेव्हापासून पाण्याचा तांब्या हा घरातील वादाचा विषय झाला आहे. पाणी तिला स्वतः ओतून घ्यावयाचे असते. आजी तांब्या फडताळात वर ठेवते. मग जो आकांत होतो तो शेजारपर्यंत ऐकू जातो. बडोद्यातील आमच्या जुन्या घरी पांगुळगाडे फिरले, बोरन्हाणे झाली, घास भरविताना बागुलबुवाही हमखास येत असे. परंतु मुलाच्या हाती भरला तांब्या देण्याची रीत मात्र तेथे नव्हती.

ती रीत आमच्या शेजारीच, भावनगरात, रुजत होती. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू झाले. ते उभारणारे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) पेशाने वकील. १९१३ साली मुलगा झाला; त्याला वाढवावे कसे, या विवंचनेतून ते मारिया माँटेसरी यांच्या विचारांपर्यंत पोहोचले. या इटालियन डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले होते. पाणी ओतणे, गुंड्या लावणे, केर काढणे यांत मूल किती तल्लीन होते, हे त्यांनी तेथे पाहिले. आपण ज्याला लुडबूड म्हणतो, ते त्याचे काम असते. गिजुभाईंनी वकिली सोडली. मार आणि भीती यांना त्यांच्या बालमंदिरात थारा नव्हता. लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणू लागले.

१९२३ साली ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना येऊन मिळाल्या. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेली ही मराठी विदुषी लहानग्यांत जमिनीवर बसू लागली. दोघांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाईंची साधने महागडी. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला खडे, शिंपले, पाने, बिया यांवर काम चालविले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ साली सरकारी योजनेत आला, त्यामागे हे अंगण आहे.

त्या योजनेच्या तपासणीस मी नोकरीत असताना अनेकदा गेलो. हजेरीपट पाहिले, वजनाचे तक्ते पाहिले, सह्या केल्या. मुलांपाशी खाली बसल्याचे एकदाही आठवत नाही. घरीही निराळे नव्हते. मुलाने पहिले पाऊल टाकले तेव्हा मी दौऱ्यावर होतो. पत्नीच्या पत्रातून ते कळले, आणि ते पत्रही मी घाईतच वाचले असावे. आमच्या पिढीतील नोकरदारांना त्यात काही वावगे वाटत नसे. शंभर वर्षांपूर्वी एका वकिलाला मात्र ते वाटले होते.

आता मी नातीसाठी एक लहान गडू आणला आहे. तो अर्धाच भरतो. ती दोन्ही हातांनी धरते, जीभ बाहेर काढून ओतते; निम्मे पाणी पेल्यात, निम्मे फरशीवर. मग फडके आणून पुसते, म्हणजे ओल अधिक पसरविते. या एका पेल्यास दहा मिनिटे लागतात. मोठा तांब्या आजीने अद्याप फडताळातून खाली काढलेला नाही.