स्वस्त सहल आणि कुंपणाआडचें मैदान

कर्वेनगर हें नांव पुणेकरांच्या तोंडीं आतां इतकें बसलें आहे कीं, या वस्तीचें हिंगणें बुद्रुक हें मूळचें नांव जुन्या माणसांखेरीज फारसें कोणी घेत नाहीं. इ. स. १९०० मध्यें अण्णासाहेब कर्व्यांनीं आपला अनाथबालिकाश्रम शहरांतून येथल्या माळावर आणला, तेव्हां येथें एक झोंपडी तेवढी उभी राहिली. फर्गसन कॉलेजांत गणित शिकविणारे अण्णा तेथून येथपर्यंतची वाट पायींच तुडवीत. त्याच माळावर आज घरांची दाटी झाली आहे, आणि त्यांतल्या एका घराच्या दोन खोल्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें नुकताच एक धंदा मांडला आहे. गोल्फ खेळण्याची हौस आहे पण खिसा बेताचा आहे, अशा मंडळींसाठीं सहली आंखून द्यावयाच्या, हा तो धंदा. दुकान नाहीं, पाटी नाहीं. आंतरजालावरील एक संकेतस्थळ, एक फोन आणि एक जाड वही एवढेंच भांडवल. अर्थात् ‘एवढेंच’ हा शब्द खरा नव्हे. नोकरींत चार वर्षें शिल्लक टाकलेले पैसे तिनें यांत घातले आहेत, आणि घरच्या वडीलधाऱ्यांस तें मुळींच रुचलेलें नाहीं.

ती आमच्याकडे आली ती एक लहानसें काम घेऊन. “सर, गोल्फच्या इतिहासावर दोन पानें लिहून द्या, संकेतस्थळावर घालीन म्हणतें.” गोल्फ आणि काटकसर यांची सोयरीक ऐकून आम्हांस हंसूं आलें. तिनें रागावण्याऐवजीं वही उघडली. गाडीभाडें आठ जणांत वांटलेलें, मुक्काम साध्या लॉजमध्यें, खेळाचें साहित्य भाड्यानें. बेरीज खरोखरच आटोपशीर होती. “मग अडतें कोठें?” आम्हीं विचारलें. “मैदानाच्या दारांत, सर. पुष्कळ ठिकाणीं सभासदाची ओळख लागते.” या उत्तरानें आम्हांस पुस्तकांकडे धाडलें. दोन पानें कांहीं लिहून झालीं नाहींत. झालें तें पुढें दिलें आहे, आणि संकेतस्थळाच्या तें कितपत उपयोगी पडेल याविषयीं आम्ही साशंकच आहों.

गोल्फ हा धनिकांचा खेळ, ही आपली समजूत आपल्या देशांत तयार झालेली आहे. खेळाच्या माहेरीं, म्हणजे स्कॉटलंडांत, तिला आधार सांपडत नाहीं. तेथें समुद्र आणि शेतजमीन यांच्या मध्यें वाळूचा उंचसखल पट्टा असतो. त्यांत पीक धड येत नाहीं. खुरटें गवत तेवढें वाढतें. अशा पडीक जमिनीवर गांवचे लोक मेंढरें चारीत, कपडे वाळत घालीत आणि फावल्या वेळीं काठीनें चेंडू टोलवीत. हा षोक इतका बळावला कीं, इ. स. १४५७ मध्यें स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें फुटबॉलबरोबर गोल्फलाहि बंदी केली. धनुर्विद्येचा सराव टाकून प्रजा या नादास लागली, ही सरकारची तक्रार. चार सरदारांच्या विरंगुळ्यासाठीं कोणी कायदा करीत नाहीं. खेळ सर्रास चालत असला पाहिजे, हें उघड आहे.

सेंट अँड्र्यूज गांवची कथा तर मुळांतूनच पाहण्यासारखी आहे. १५५२ मध्यें तेथील आर्चबिशप हॅमिल्टन यांनीं एक सनद केली. तींत गांवच्या माळावर ससे पाळण्याची परवानगी घेतांना त्याच माळावर गोल्फ आदिकरून खेळ खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्कहि मान्य करण्यांत आला. पुढें १७९७ मध्यें गांवचा कारभार कर्जांत बुडाला आणि माळ गहाण-विक्रीच्या फेऱ्यांत सांपडून व्यापाऱ्यांच्या हातीं गेला. व्यापाऱ्यांनीं तेथें सशांची पैदास आरंभिली. सशांनीं मैदानभर बिळें केलीं, खेळणारे संतापले, ससे मारले जाऊं लागले, आणि प्रकरण कोर्टांत गेलें. हा तंटा दोन तपें रेंगाळला! अखेर १८२१ मध्यें जेम्स चीप नांवाच्या गोल्फप्रेमी जमीनदारानें माळ विकत घेऊन सशांपासून सोडविला, आणि त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गांवानें तो कायद्याच्या आधारें परत मिळविला. १९७४ मध्यें पार्लमेंटाच्या कायद्यान्वयें त्याची व्यवस्था एका विश्वस्त मंडळाकडे सोंपविण्यांत आली. जगांतील सर्वांत नामांकित असें हें गोल्फचें मैदान आजहि सार्वजनिक आहे. रविवारीं बहुधा तेथें खेळ बंद असतो व गांवकरी त्या हिरवळीवर कुत्रीं घेऊन फिरावयास येतात. इतर वारीं, आधीं वेळ राखून न ठेवलेल्या खेळाडूस चिठ्ठ्या टाकून पाळी मिळविण्याची सोय आहे. परक्याला द्यावें लागणारें शुल्क मुळींच हलकें नाहीं, हें येथेंच सांगून टाकणें बरें. परंतु तुमची ओळख कोणाशीं आहे हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

खेळ सामान्यांच्या आवांक्यांत येण्यास आणखी दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पूर्वीं चेंडू कातडी पिशवींत उकडलेलीं पिसें ठासून करीत. कुशल कारागिराच्या हातून दिवसांत तीन-चारच होत, म्हणून किंमत भारी. आणि पावसांत भिजला कीं तो वायां जाई. १८४८ च्या सुमारास मलायांतील एका झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू होऊं लागले. ते स्वस्त, टणक, आणि बिघडले तर तापवून पुन्हां वळतां येण्यासारखे. पाठोपाठ १८५२ मध्यें सेंट अँड्र्यूजला आगगाडी आली.

आगगाडीचा विषय निघाला कीं टॉमस कुक यांचें नांव घेणें प्राप्तच आहे. हे गृहस्थ मूळचे सुतारकाम करणारे, बॅप्टिस्ट पंथाचे आणि कडवे दारूबंदीवाले. ५ जुलै १८४१ रोजीं त्यांनीं सुमारें पांचशें माणसें लेस्टरहून लफबरोस दारूबंदीच्या सभेला नेलीं. जाण्यायेण्याचें भाडें माणशीं एक शिलिंग. नफ्यासाठीं काढलेली त्यांची पहिली सहल १८४५ ची, लिव्हरपूलची. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं स्कॉटलंडची सहल काढली, आणि त्याच वर्षीं त्यांचें दिवाळेंहि वाजलें. हें वाक्य आम्हीं विद्यार्थिनीस दोनदां वाचून दाखविलें. तिनें शांतपणें विचारलें, “पण नंतर काय झालें?” नंतर कुक पुन्हां उभे राहिले. १८६२ मध्यें स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनीं त्यांना सवलतीचीं तिकिटें देण्याचें बंद केलें, म्हणजे पंधरा-सोळा वर्षें ज्या प्रांतांत त्यांनीं माणसें नेलीं त्याचें दारच लावून घेतलें. तेव्हां ते १८६३ मध्यें स्वित्झर्लंडकडे वळले. पुढें त्यांनीं हॉटेलांचीं कुपनें काढलीं. पैसे आधींच भरलेले असल्यामुळें अनोळखी गांवीं, अनोळखी भाषेंत, कारकुनालाहि मानानें खोली मिळूं लागली. आमच्या मतें कुक यांचें खरें कर्तृत्व भाडें उतरविण्यांत नसून या कुपनांत आहे. प्रवासी पोंचल्यावर त्याला आंत घेतलें जाईल, ही हमी त्यांनीं विकली.

याच पेढीनें मुंबईंत खाल्लेली ठेंच आपल्या वाचकांस फारशी ठाऊक नसावी. मक्केस जाणाऱ्या गरीब यात्रेकरूंचे त्या काळीं अतोनात हाल होत. १८८० मध्यें ‘जेद्दा’ नांवाची आगबोट वादळांत सांपडतांच तिचे गोरे अधिकारी नऊशेंहून अधिक यात्रेकरूंस बोटीवर टाकून पळाले. दैव बलवत्तर म्हणून बोट तरली आणि एडनला लागली. अशा प्रकारांनीं सरकारवर ठपका येऊं लागला, म्हणून १८८६ मध्यें सरकारनें हजच्या वाहतुकीची व्यवस्था कुक पेढीकडे दिली. आगगाडीचें आणि बोटीचें भाडें आधीं जाहीर करावें, तिकीट जातांयेतांचें द्यावें, दलालांस मध्यें घेऊं नये, अशी ती योजना. हेतु चांगला होता, व्यवस्थाहि बरी होती. पण मुंबईंतील जुने दलाल आणि जहाजवाले स्पर्धेंत होतेच, आणि हिशेब कांहीं जुळेना. तूट भरून देण्यास सरकारनें नकार दिल्यावर १८९३ मध्यें पेढीनें हें काम सोडलें. गरिबाला परवडेल तें भाडें आणि प्रत्यक्ष येणारा खर्च यांतील खड्डा कोणी तरी भरावा लागतो. सरकारनें हात काढून घेतला तेव्हां तो भरणारें कोणी उरलें नाहीं. खुद्द विलायतची ती पेढी सप्टेंबर २०१९ मध्यें बुडाली, त्या वेळीं परमुलखांत असलेल्या सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवाशांस सरकारी व्यवस्थेनें घरीं आणावें लागलें. (त्या नांवाची भारतांतील कंपनी त्यापूर्वींच निराळी झालेली असल्यामुळें ती चालू राहिली.)

आतां आपल्याकडील गोल्फकडे वळूं. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. मुंबईचा १८४२ चा, बंगळूरचा १८७६ चा. इंग्लंडांत गोल्फचे क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हां ते कलकत्त्यास आणि मुंबईस निघाले, याचें नवल वाटतें. परंतु बोटींतून खेळ आला आणि गांवचा माळ तिकडेच राहिला. येथें मैदान आलें तें छावणीच्या, जिमखान्याच्या, थंड हवेच्या ठिकाणच्या साहेबी वस्तीच्या आश्रयानें. म्हणजे जन्मतःच कुंपणासह. मोठमोठ्या क्लबांतून हिंदी माणसास सभासद म्हणून मज्जाव असे. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर असतांना गोऱ्या व हिंदी लोकांनीं एकत्र बसावें म्हणून मुद्दाम निराळा क्लब काढावा लागला, यावरून इतर ठिकाणची स्थिति कळून येईल. हिंदी पोरगा मैदानावर दिसे तो साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन.

त्या पिशवीवाल्या पोरांनींच पुढें खेळाचें पांग फेडलें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचें काम केलेले अली शेर यांनीं १९९१ मध्यें इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्यें पुन्हां जिंकली. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव शिवशंकर प्रसाद चौरसिया २००८ मध्यें इंडियन मास्टर्सचे विजेते झाले. सर्वांत हृदयद्रावक कथा मात्र दक्षिण आफ्रिकेंतील पापवा सेवगोलम यांची. भारतीय वंशाच्या या कॅडीनें हातांची उलटी पकड ठेवून खेळण्याची आपली आपणच रीत बसविली, १९५९ मध्यें हॉलंडची स्पर्धा जिंकली, आणि १९६३ मध्यें डरबन येथें नाताळ प्रांताची. विजेता तो, पण गोऱ्यांच्या क्लबाच्या इमारतींत काळ्या माणसाला प्रवेश नाहीं, म्हणून पारितोषिक त्याला बाहेर, पावसांत उभें करून देण्यांत आलें.

कुंपणाची ही गोष्ट केवळ साहेबाच्या माथीं मारून मोकळें होणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. कमी खर्चाचा सामुदायिक प्रवास आपल्याला कोणी विलायतेहून शिकविलेला नाहीं. पंढरीची वारी शतकानुशतकें चालत आली. खांद्यावर पडशी आणि वाटेंत गांवोगांवचें अन्नदान, एवढ्यावर ती होई. तरीहि त्या वारींत चालत गेलेल्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला देवळाचें दार बंद होतें, तें १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं प्राण पणाला लावले तेव्हां उघडलें. देवदर्शन कोठें आणि चेंडूफळी कोठें! तुलना बरोबरीची नव्हे, हें आम्ही जाणतों. पण वाट स्वस्त असली म्हणजे झालें, असें जें प्रवासाचे व्यापारी समजतात त्यांस हें उदाहरण पुरे आहे. खुद्द अण्णा कर्वे सतराव्या वर्षीं परीक्षेसाठीं मुरूडहून साताऱ्यास भर पावसांत सुमारें ११० मैल चालत गेले. प्रवासाला खर्च जवळ जवळ कांहींच नाहीं. आणि तेथें पोंचल्यावर, तुम्ही वयानें लहान दिसतां, म्हणून त्यांस परीक्षेला बसूं दिलें नाहीं.

सहलींच्या धंद्यांत मराठी माणूस आतां चांगला मुरला आहे. केसरी पाटील यांनीं १९८४ मध्यें सुरू केलेल्या व्यवसायानें व तशाच इतर पेढ्यांनीं मध्यमवर्गीय कुटुंबांस परदेश दाखविला. तथापि देखावा पाहावयास सभासदत्व लागत नाहीं, गोल्फला लागतें. म्हणून दिल्लीच्या विकास प्राधिकरणानें २००० सालीं लाडोसराय येथें सर्वांसाठीं काढलेलें मैदान, किंवा सिडकोनें खारघरच्या डोंगराखालीं केलेलें मैदान, यांचें महत्त्व आम्हांस कोणत्याहि चषकाहून अधिक वाटतें. पैसे भरा आणि खेळा, एवढीच अट. टोकियोच्या ऑलिंपिकांत पुण्याचे उदयन माने खेळले याचा अभिमान आम्हांसहि आहे; पण आमच्या विद्यार्थिनीचीं गिऱ्हाइकें ऑलिंपिकास जाणारीं नव्हेत. त्यांत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक दंतवैद्य बाई आहेत आणि संगणकाच्या कारखान्यांतले चार तरुण.

हें सर्व ऐकून तिनें आमच्या लेखाचें काय केलें तें आम्हीं विचारलें नाहीं. वहींत मात्र फेरफार झाला आहे. पूर्वीं पहिला रकाना गाडीभाड्याचा होता, आतां तो दाराचा आहे. कोणतेंहि मैदान यादींत घेण्यापूर्वीं ती फोन करून एकच विचारते, “बाहेरच्या माणसाला सभासदाच्या चिठ्ठीवांचून आंत घेतां का? घेत असाल तर कोणत्या वारीं?” होकार आल्यास तो पत्रानें मागून घेते. ज्यांचीं उत्तरें मोघम आलीं तीं तीन नामांकित ठिकाणें तिनें खोडून टाकलीं. गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे निराळ्या खात्यांत ठेविले आहेत. सहल पार पडेपर्यंत त्यांस हात लावावयाचा नाहीं, असा नियम. यामुळें घरभाडें तिला अजून शिलकेंतूनच द्यावें लागतें.

पहिली सहल मार्गशीर्षांत खारघरला गेली. पहांटे साडेचारला कर्वेनगरांतून गाडी निघाली. आम्हांसहि आग्रहानें नेलें होतें. खेळांतलें आम्हांस कांहीं कळत नसल्यामुळें आम्ही झाडाखालीं बसून होतों. पोस्टमास्तरांचा चेंडू दोनदां गवतांत हरवला आणि दोन्ही वेळां त्यांनीं तो स्वतःच शोधून आणला. परततांना घाटांत तिनें हिशेब केला: सर्व खर्च वजा जातां तीनशें चाळीस रुपये उरले होते. पुढची सहल माघांत आहे. आठांपैकीं सात नांवें आलीं आहेत, आठव्याची वाट पाहणें चालू आहे.