फुकट शिक्षणाचा हिशेब

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्याला आज मोबाइलवर व्यवसायाचे डझनावारी अभ्यासक्रम फुकट मिळतात. पैसे जात नाहीत म्हणून निवडताना कोणी फारसा विचार करत नाही. पण पाळी संपल्यावर उरणारे दोन तास फुकट नसतात. हे तास कुठल्या अभ्यासक्रमाला द्यावेत, हे ठरवताना याच शिरूर-दौंड भागाचा दीडशे वर्षांचा इतिहास कामी येतो. फुकट शिक्षणाचा कस त्याच्या किमतीवर लागत नाही. शिकणाऱ्याकडून ते काय करून घेते, यावर लागतो, हे या इतिहासातून दिसते.

व्यवहाराचे ज्ञान नसले की काय होते, याची साक्ष या भागाने दिली आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. जिथे रोखे हाती आले तिथे सावकाराला सहसा फारशी इजा झाली नाही. कारण उघड होते: न वाचता उठवलेल्या अंगठ्याने जमीन जात होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, रोखा गावच्या निबंधकासमोर नोंदवावा, अशी तरतूद झाली. संरक्षण मोलाचे होते, पण हिशेबाचा कागद हाती येणे वेगळे आणि तो तपासता येणे वेगळे. ज्याला आकडा कळत नव्हता, त्याला तो कागदही दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागणार होता. आजचा फुकट व्हिडिओ नेमका असाच कागद आहे.

कागद हाती देऊन न थांबता काम शिकवण्याचे उदाहरण दौंड तालुक्यातच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांना शिकवण्यासाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. त्याचा खर्च अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी उचलला होता. ही मुदत संपणार, हे ओळखून रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. शिकणाऱ्यांना शिक्षण फुकट होते, तरी त्याचा पैसा कुठून येतो आणि किती दिवस येणार, हा हिशेब संस्था चालवणाऱ्या बाईंनी मांडला होता. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून बायका-मुली आल्या आणि केडगावच्या या मुक्ती सदनाचा पसारा सुमारे दोन हजारांवर गेला. तिथे त्या विणकाम, शिवण, शेती, दुग्धव्यवसाय आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद याच छापखान्यात बायकांनी जुळवला आणि छापला. छपाईवर नुसती व्याख्याने ऐकून हे झाले नसते. खिळे जुळवताना झालेली चूक छापून समोर येते आणि ती दुरुस्त करावीच लागते.

यावर पहिला आक्षेप असा की ते शिक्षण खरोखर फुकट नव्हते, त्याच्याबरोबर धर्म येत होता. आक्षेपात तथ्य आहे. १८९३ मध्ये याच वादातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण त्यातून निघतो तो धडा शिक्षण नाकारण्याचा नव्हे. देणाऱ्याला बदल्यात काय हवे आहे, हे आधी विचारण्याचा आहे. आज कोणाला तुमचा फोन नंबर हवा असतो, कोणाला पुढचा महागडा वर्ग विकायचा असतो. दुसरा आक्षेप असा की दाम मोजल्याशिवाय माणूस मन लावून शिकत नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला अभ्यास वरवर हेच सांगतो: २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पुरा केला, तर प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. मात्र शुल्क भरणारा बहुधा आधीच निश्चय करून आलेला असतो, त्यामुळे सगळे श्रेय पैशाला देता येत नाही. केडगावच्या बायकांनी शुल्क भरले नव्हते. तिथे रोजचे काम होते, ते पाहणारे कोणी होते आणि ते बाजूला टाकण्याची सोय नव्हती. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरही शिकणे फुकट आहे, पण प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी अभ्यासक्रमाचा पहिला आठवडा उघडून पाहा. तुमच्याच दुकानाची, गोठ्याची किंवा वर्कशॉपची जमाखर्चाची वही तो लिहायला लावतो का? लिहिलेले तपासणारे कोणी आहे का? त्याचा खर्च कोण उचलतो, हे स्पष्ट आहे का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर दोन महिने द्यायला हरकत नाही. केवळ यशाच्या कथा ऐकवणारा अभ्यासक्रम फुकट असला तरी महाग आहे. तो सोडून द्या.